एक गडी कमी आहे

खेळानं माणसं जोडली जातात, असं आपण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. ते ऐकताना मला दर वेळी बाळू पालवणकरांचा चहा आठवतो.

१८९० च्या दशकात पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात बाळू खेळपट्टी लाटायचे, सरावाची जाळी बांधायचे आणि साहेब लोकांना गोलंदाजी करायचे. चर्मकार समाजातला हा तरुण डाव्या हातानं अशी फिरकी टाकायचा की ग्रेगसारखा नावाजलेला फलंदाज त्याच्याकडून तासन् तास सराव करून घ्यायचा. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं. बरीच वादावादी होऊन अखेर बाळूंना संघात घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणही वेगळं. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असा सवाल तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी केल्याचं नोंदलेलं आहे. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं.

रानड्यांच्या त्या प्रश्नात माझ्या मते या विषयाचं सगळं मर्म आहे. दोन माणसं एकाच संघात खेळली म्हणून त्यांची मैत्री होते, असं नाही. मैत्री होते ती खेळाच्या कडेला. खेळ सुरू होण्याआधीच्या रेंगाळण्यात, संपल्यावरच्या चहात, पॅड काढता काढता झालेल्या बोलण्यात. ती कडा कोणाला खुली आहे आणि कोणाला बंद, यावर खेळ माणसं जोडणार की आधीच जोडलेल्यांना आणखी घट्ट बांधणार, हे ठरतं. आणि आज आपल्या शहरांत नेमकी ही कडाच नाहीशी होत चालली आहे, असं माझं म्हणणं आहे. ती परत आणणं हे सार्वजनिक काम आहे. ते कुणा एकाच्या हौसेवर सोडून चालणार नाही.

आमच्या उपनगरात, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, महापालिकेचं एक मैदान आहे. त्याला नीट कुंपण नाही. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला रसवंतीचं गुऱ्हाळ. संध्याकाळी पाचनंतर तिथे एकाच वेळी तीन-चार डाव चालू असतात. टेनिस बॉलचं क्रिकेट, कोपऱ्यात व्हॉलीबॉल, मधेच लहान मुलांचं काहीतरी. या भागात नोकरीसाठी आलेली मुलं खोलीवर चौघं-चौघं राहतात. कोणी नांदेडचा, कोणी बीडचा, कोणी जळगावचा. कारखान्यात पाळी करायची किंवा आयटी पार्कात दहा तास बसायचं, परत खोलीवर यायचं आणि मोबाईल बघत झोपायचं. अशा मुलाची या मैदानात ओळख कशी होते, ते पाहण्यासारखं असतं.

पहिल्या दिवशी तो नुसता कडेला उभा राहतो, हात खिशात घालून. मग कुणाचा तरी फटका त्याच्या दिशेनं येतो आणि ‘ओ दादा, बॉल!’ अशी हाक येते. तो पायानं अडवतो, उचलून फेकतो. फेक कशी आहे, ते मैदानातले सगळे न सांगता बघून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो, थोडा आत उभा राहतो. एखाद्या दिवशी कुणीतरी पाळीवर अडकलेला असतो, गडी मोजले जातात, विषम संख्या निघते आणि मग आवाज येतो, ‘एक गडी कमी आहे, येतो का?’ बस्स. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आडनाव तर नाहीच. नावं नंतर येतात, तीही खरी नसतात. चष्मा लावणारा ‘चष्मा’ होतो, डावखुरा ‘लेफ्टी’ होतो, नांदेडचा ‘नांदेड’ होतो.

आडनाव उशिरा कळणं ही आपल्या समाजात लहान गोष्ट नाही. आपल्याकडे खोली भाड्यानं घेताना आडनाव आधी सांगावं लागतं. लग्नाच्या बाजारात तर त्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. या मैदानात मात्र आडनाव कळेपर्यंत त्या माणसाच्या हाताला किती झेल राहतात, हरल्यावर तो चिडतो का, आऊट असताना स्वतःहून बाहेर जातो का, हे सगळं आधी माहीत झालेलं असतं. माणसाबद्दल मत बनवायचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

खेळ संपला की हे लोक लगेच घरी जात नाहीत. गुऱ्हाळाशी, नाहीतर मोटरसायकलींना टेकून, अंधार पडेपर्यंत थांबतात. कोणाच्या खोलीचं डिपॉझिट अडकलंय, कोणाच्या कंपनीत भरती निघालीय, कोणाच्या आईला ससूनमध्ये दाखवायचंय आणि कोणाचा चुलतभाऊ तिथे आहे, हे सगळं त्या अर्ध्या तासात होतं. रक्त लागलं तर गटावर संदेश पडतो आणि दोघं-तिघं जण थेट निघतात. परक्या शहरात ज्याला हक्काचं कुणी नसतं, त्याच्यासाठी हे फार मोठं बळ आहे. ते कुठल्याही योजनेतून मिळालेलं नाही. मैदान मोकळं होतं, रोज त्याच वेळी तीच माणसं येत होती आणि आत यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, एवढ्यामुळे ते घडलं.

खेड्यात हेच काम व्हॉलीबॉल करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, दोन बांबू, एक फाटकी जाळी. बदली होऊन आलेला तलाठी, नवा शिक्षक, मुक्कामी एसटीचा वाहक, कृषी सेवा केंद्राचा मालक आणि शेतातून परतलेली पोरं एकाच कोर्टात असतात. ऑफिसात ज्या तलाठ्यासमोर माणूस टोपी काढून उभा राहतो, त्याच तलाठ्याची सर्व्हिस जाळीत गेली की तोच माणूस त्याला मोठ्यानं सुनावतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो थोडा सरळ उभा राहतो. गावात नवा आलेला अधिकारी व्हॉलीबॉलला येतो की नाही, यावर तो गावाचा होणार की नाही, हे लोक ओळखतात.

आता टर्फ. गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्या-मुंबईतच काय, नाशिक, लातूर, सांगलीतही हिरव्या कृत्रिम गवताची, चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी लावलेली मैदानं उभी राहिली. रात्री बारापर्यंत दिवे असतात. तासाला हजार-दीड हजार रुपये, मोठ्या शहरात त्याहून जास्त. दहा जण मिळून पैसे काढतात, मोबाईलवरून स्लॉट घेतात, तास संपला की पुढचा गट दारात उभाच असतो.

टर्फवाल्यांवर माझा राग नाही. अनेकांनी कर्ज काढून हा धंदा उभा केलाय. पावसाळ्यात चिखल होत नाही, पडलं तर गुडघे फुटत नाहीत, दिवसभर नोकरी करणाऱ्याला रात्री दहाला खेळता येतं. पण टर्फवर कोण जातं ते बघा. ज्यांची आधीच ओळख आहे, असे दहा जण. कॉलेजचा जुना गट, एकाच ऑफिसातले, एकाच सोसायटीतले. दहा भरल्याशिवाय स्लॉट परवडत नाही, म्हणून गट आधी लागतो आणि खेळ नंतर. मोकळ्या मैदानात हा क्रम उलटा असतो, तिथे खेळ आधी असतो आणि गट त्यातून तयार होतो. शहरात नव्यानं आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या मुलाला टर्फच्या जाळीबाहेर उभं राहून काहीच मिळत नाही. त्या जाळीतून त्याच्याकडे चेंडूसुद्धा येत नाही.

हे चेंडू येण्याचं म्हणणं मी सहज करत नाहीये. मुंबईच्या आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. रविवारी तिथे एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. परक्या सामन्याचा चेंडू अंगावर येतो, तो परत फेकावा लागतो, दोन शब्द बोलावे लागतात. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ज्या मैदानांवर वाढली, तिथली गर्दीच अशी एकमेकांत मिसळणारी होती. बँकेचा संघ, गिरणगावातला क्लब, जिमखान्याचा संघ, सगळे एकमेकांच्या खेळपट्ट्यांवरून चालत जायचे. जाळीनं चेंडू आत राहतो तशी माणसंही आत राहतात.

कुणी म्हणेल, आता अॅप आहेत. मोबाईलवर ‘दोन खेळाडू हवेत’ असं टाकता येतं, अनोळखी माणूस पैसे भरून सामील होतो. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. बंगळूर, पुण्याकडे बॅडमिंटन अशाच ओळखींवर चालतं आणि काहींना त्यातून खरे मित्र मिळालेत. तरी दोन अडचणी उरतात. एक पैशाची. ज्याचा पगार पंधरा-अठरा हजार आहे आणि त्यातले काही घरी पाठवायचे आहेत, तो आठवड्यातून तीनदा दीडशे-दोनशे रुपये खेळावर घालू शकत नाही. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. अॅपवर सामील होण्याआधी तुमचा दर्जा विचारतात, नवशिका, मध्यम की पुढचा. साहजिक आहे, पैसे मोजणाऱ्याला बरोबरीचा खेळ हवा असतो. पण मैत्रीला बरोबरीचा खेळ लागत नाही. आपल्या गल्लीत लिंबूटिंबू असायचा. सगळ्यात लहान किंवा सगळ्यात कच्चा गडी, जो दोन्ही बाजूंनी फिल्डिंग करायचा, पहिल्या चेंडूवर आऊट झाला तरी त्याला आणखी एक चेंडू मिळायचा. त्याला बाहेर काढायचं नाही, हा नियम कुणी शिकवला नाही, पण सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांना तो ठाऊक होता. तासाचा हिशोब लागला की पहिला बळी या गड्याचा जातो.

मुलांच्या बाबतीत तर आपण आणखी एक चूक करतोय. पालक म्हणतात, आमचा मुलगा खेळतो, क्रिकेट कोचिंगला जातो. महापालिकेच्या मैदानाचा मोठा हिस्सा अशा वर्गांच्या नेट्सनी अडवलेला असतो. मुलगा शिस्तीत बारा चेंडू खेळतो, बारा टाकतो, पाणी पितो, आई-वडील स्कूटर घेऊन बाहेर थांबलेले असतात. त्याला ड्राइव्ह मारता येतो. पण भांडण मिटवता येत नाही, कारण त्याला कधी भांडूच दिलेलं नाही. एक टप्पा आऊट होता की नव्हता, यावर वीस मिनिटं वाद घालून, बॅट कोणाची यावरून घरी जायची धमकी देऊन, शेवटी कसाबसा तोडगा काढून पुन्हा खेळायला लागणं, यात जे शिकायला मिळतं ते कोणत्याही प्रशिक्षकाला शिकवता येत नाही. प्रशिक्षण हवंच. पण प्रशिक्षणासाठी सार्वजनिक मैदान देताना खेळायला किती उरतं, हे कोणी मोजत नाही.

सार्वजनिक मैदानावर थोड्या लोकांनी ताबा घेणं हा प्रश्न नवा नाही. १८८० च्या दशकात मुंबईत किल्ल्याबाहेरच्या मैदानावर देशी मुलं क्रिकेट खेळायची आणि त्याच मैदानावर बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन सभासद पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर चेंडू सरळ येत नसे. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सह्यांचे अर्ज केले, शापूरजी सोराबजींसारख्यांनी वर्षानुवर्षं हा वाद लढवला. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो मुलांचं खेळणं बंद का व्हावं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्या वादानंतर पुढे समुद्राकाठी जागा मिळाल्या. पण त्या कशा मिळाल्या? पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. प्रत्येक समाजाला वेगळा तुकडा. खेळायला जागा मिळाली आणि एकत्र खेळायची गरज संपली. मग धर्मवार संघांची स्पर्धा तिरंगीची चौरंगी झाली, चौरंगीची पंचरंगी झाली. १९४० मध्ये गांधीजींनी धर्माच्या नावानं संघ करण्याला उघड विरोध केला, तरी ती १९४६ पर्यंत चालली. खेळ उत्तम होता, गर्दी प्रचंड होती. समोरचा संघ मात्र कायम ‘त्यांचा’ होता.

आज धर्माची जागा फ्लॅटच्या किमतीनं घेतली आहे. नव्या टाऊनशिपच्या जाहिरातीत बॅडमिंटन कोर्ट, पिकलबॉल कोर्ट, छोटं टर्फ असतं. आतल्या मुलांना खेळायला जागा आहे, याचा मला आनंदच आहे. पण ती मुलं ज्यांच्याबरोबर खेळतात त्या सगळ्यांच्या आई-वडिलांचं उत्पन्न थोड्याफार फरकानं सारखंच असतं. फाटकावरच्या वॉचमनचा मुलगा त्यांच्याच वयाचा असतो, त्याच शहरात वाढतो, आणि त्या कोर्टवर त्याला येता येत नाही. आपण पुन्हा एकदा समुद्राकाठचे जिमखाने बांधतोय.

इथे कोल्हापूरचं उदाहरण घ्यायला हवं, कारण ते माझ्या म्हणण्याच्या बाजूनंही आहे आणि विरोधातही. महाराष्ट्रात खेळातून उभ्या राहिलेल्या नात्यांची इतकी घट्ट वीण दुसरीकडे क्वचितच सापडेल. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी नांदल्या. तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मिसळून हौद तयार करायचा, पहाटे उठून जोर-बैठका काढायच्या, एकमेकांचं अंग रगडायचं, एकत्र खुराक घ्यायचा, वस्तादाचा शब्द मोडायचा नाही. असं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलेले पैलवान पुढे म्हातारे झाले तरी एकमेकांच्या घरच्या प्रत्येक कार्याला हजर असतात. मग याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावं कोल्हापुरात फुटबॉल संघांची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. गणपती, रक्तदान, कुणाच्या घरचं मरण, सगळ्याला तालीम धावते. २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला तालमींची आणि तरुण मंडळांची पोरं किती राबली, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्याच स्टेडियमबाहेर समर्थकांची हाणामारी झाल्याच्या, दगडफेक झाल्याच्या बातम्याही कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. पेठेच्या आतली माया जेवढी दाट, तेवढी बाहेरच्या पेठेविषयीची खुन्नस तीव्र. जो खेळ एका गल्लीला भाऊ बनवतो तोच दोन गल्ल्यांना वैरी बनवू शकतो. यावर उपाय तालीम मोडणं हा खचितच नाही. तालमीतली पोरं आणखी कुठेतरी, ठसा न लावता, मिसळून खेळू शकतील अशी जागा असणं, हा आहे. जिथे गडी रोज नव्यानं वाटले जातात, तिथे कालचा प्रतिस्पर्धी आज आपल्या बाजूला असतो. मोकळ्या मैदानावर संघ कायमचे नसतात, ही त्याची मोठी ताकद आहे.

आता सगळ्यात मोठी उणीव. इतका वेळ मी ज्या मैदानाचं वर्णन केलं, त्यावर मुली नाहीत. माझ्या उपनगरातल्या त्या मैदानात संध्याकाळी शंभरेक पुरुष आणि मुलगे असतील, बायका कडेनं चालत असतात. चालणाऱ्या बायकांच्याही मैत्री होतात, त्या कमी लेखायच्या नाहीत. पण धावणं, पडणं, ओरडणं, जिंकल्यावर उड्या मारणं हे पस्तिशीतल्या बाईला करायला मिळत नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीचंही ते हळूहळू थांबवलं जातं. शाळेत कबड्डी-खोखो गाजवलेल्या किती जणी लग्नानंतर एकदा तरी मैदानात उतरल्या असतील? त्यांच्या संघातल्या मैत्रिणी कुठे आहेत, हेही त्यांना माहीत नसतं. नवरा मात्र अजून कॉलेजच्या टीमबरोबर रविवारी खेळतो.

‘मैदान सगळ्यांना खुलं आहे’ एवढं म्हणून भागत नाही, हे मुंब्र्याच्या मुलींनी दाखवून दिलं. तिथे परचम या संस्थेच्या पुढाकारानं मुली फुटबॉल खेळायला लागल्या, वेगवेगळ्या घरांतल्या, धर्मांतल्या. मैदानावर आधीच मुलग्यांचा कब्जा होता. आम्हाला खेळायला हक्काची जागा आणि वेळ द्या, अशी मागणी त्यांनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींकडे नेली. ज्यांना आजवर कडेला उभं केलं गेलं, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. त्यानंतरच त्यांच्याकडून ‘एक गडी कमी आहे’ अशी हाक दुसऱ्या मुलीला जाऊ शकते. आणि मैदानाजवळ स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर राखीव वेळेचाही उपयोग नाही. हे पुरुषांना सुचत नाही, कारण त्यांना भिंत पुरते.

एकटेपणा ही खाजगी बाब आहे, सरकारनं त्यात काय करावं, असं काही जण म्हणतील. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटननं एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, तेव्हा ते काम ट्रेसी क्राउच यांच्याकडे दिलं. त्या आधीपासून क्रीडामंत्री होत्या. हा मला योगायोग वाटत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सामाजिक संबंधांवर आयोग नेमला. आपल्याकडे क्रीडा खातं म्हणजे पदकं, क्रीडा संकुलं आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. ते सगळं असावं. पण ज्या कोट्यवधी लोकांना कधीच पदक मिळणार नाही, त्यांच्या खेळण्याचं खातं कोणतं?

ब्रिटनमध्येच पार्करन नावाची गोष्ट २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावणाऱ्यांनी सुरू झाली. दर शनिवारी सकाळी, त्याच बागेत, पाच किलोमीटर. पैसे नाहीत, चाललं तरी चालतं. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून येतो, म्हणजे आलेल्यांपैकी कुणीही शेवटचा ठरत नाही. धावून झाल्यावर कॉफी. आज ती जगभर पसरली आहे. आपल्याकडे मॅरेथॉनची लाट आहे, पण तिथे नोंदणी, शुल्क, टी-शर्ट, पदक आणि वर्षातून एकच दिवस. एका दिवसात हजारो माणसं एकत्र धावतात आणि एकमेकांचं नाव न कळता घरी जातात. पार्करनमध्ये आपल्या लिंबूटिंबूचा नियम आहे आणि दर आठवड्याला तीच वेळ आहे. तेवढ्यानंच तिथे माणसं एकमेकांना ओळखू लागतात.

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा धरतात. अशा शहरात जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेनं मोकळ्या जागा देखभालीसाठी खाजगी संस्थांना दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं. नागरिकांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांना ते थांबवावं लागलं. त्या विरोधामागची भीती रास्त होती. देखभालीसाठी दिलेल्या जागेवर हळूहळू क्लबहाऊस येतं, मग सभासदत्व येतं, मग फाटकावर माणूस बसतो. लहान शहरांतही वेगळं नाही. मैदानाचा कोपरा भाड्यानं जातो, उरलेल्या जागी महिना-महिना प्रदर्शनांचे मांडव उभे राहतात, मांडव निघाल्यावर खिळे आणि खड्डे मागे उरतात.

देखभालीला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण मोकळ्या मैदानाला लागतं काय? पाण्याचा नळ, चार दिवे, स्वच्छतागृह, पावसाळ्यानंतर एकदा रोलर. उद्यानांतल्या कारंज्यांवर आणि पुतळ्यांच्या सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चापुढे हे काहीच नाही. दुसरा आक्षेप शेजारच्या इमारतींतून येतो. टवाळ पोरं जमतात, ओरडतात, काचा फुटतात. काचा फुटतात हे कबूल. पण त्या पोरांना मैदानातून हाकललं तर ती नाहीशी होत नाहीत, पुलाखाली नाहीतर पानटपरीवर जमतात. तिथे त्यांना झेल सुटल्यावर पाठीवर हात ठेवणारा कुणी काका भेटत नाही.

शाळांची पटांगणं हा तर हाताशी असलेला उपाय आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा दुपारी सुटतात, फाटकाला कुलूप लागतं आणि भिंतीच्या बाहेर मुलं रस्त्यावर, गाड्या चुकवत खेळतात. मुख्याध्यापकांची भीती मी समजू शकतो. काही तुटलं-फुटलं, कुणाला लागलं, तर जबाबदार कोण? ती जबाबदारी प्रभाग कार्यालयानं लेखी घ्यावी, एक माणूस संध्याकाळपुरता नेमावा. त्याचा पगार निघत नाही म्हणणाऱ्यांनी एका रस्त्याच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या डांबरीकरणाचा खर्च काढून बघावा.

म्हणून आमच्या प्रभागात आम्ही काही जण एक साधी मागणी घेऊन फिरतोय. प्रत्येक सार्वजनिक मैदानावर रोज संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळात कोणालाही बुकिंग देऊ नये, कोचिंगच्या नेट्स लावू नयेत, मांडव घालू नये. आठवड्यातले तीन दिवस अर्धं मैदान मुली आणि बायकांसाठी राखावं. शाळांची पटांगणं याच वेळेत उघडी ठेवावीत. हे सगळं फाटकावर फलक लावून लिहावं, खाली तक्रारीसाठी अधिकाऱ्याचं पद लिहावं. निवडणुकीच्या प्रचाराला जो उमेदवार दारात येईल, त्याला आधी हे विचारायचं ठरवलं आहे. क्रिकेटचे सामने भरवून चषकावर स्वतःचा फोटो छापायला सगळेच तयार असतात. सामने नसतील त्या दिवशी मैदान कोणाचं, याचं उत्तर त्यांच्याकडून लेखी हवं.